सर्व्हरचे भाडे एक, परवान्याचे दुसरे

कसाऱ्याहून आलेली लोकल खर्डीला पकडायची, ठाण्याला गाडी बदलायची आणि ट्रान्स हार्बरने ऐरोली नाहीतर रबाळ्याला उतरायचे, हा शहापूर तालुक्यातल्या अनेक नोकरदारांचा ठरलेला रस्ता. ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या, फारशा खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. गच्चीवर थंडाव्याची यंत्रे, मागे जनरेटरची रांग आणि आत मजल्यामागून मजले सर्व्हर. ही डेटा सेंटर. देशात डेटा सेंटरची सर्वाधिक क्षमता मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात आहे आणि ऐरोली, रबाळे, महापे ही त्यातली ठळक नावे ठाणे जिल्ह्यातली. खर्डीही त्याच जिल्ह्यात, फक्त दुसऱ्या टोकाला.

या दोन टोकांमध्ये आता रोजचा व्यवहार आहे. खर्डीच्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याचे टॅलीतले हिशेब, शहापूरच्या सीए ऑफिसातली जीएसटीची विवरणपत्रे, शेतकऱ्याचा सातबारा, विविध कार्यकारी सोसायटीचे कर्जखाते, यातले बरेच काही गावातल्या संगणकावर न राहता कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालते. त्याचे बिल दर महिन्याला येते. ते कोण ना कोण भरते. कधी दुकानदार, कधी संस्था, कधी सरकार. या बिलात सर्व्हरच्या भाड्याशिवाय आणखी एक भाडे असते, आणि त्याच्याविषयी मराठीत फारसे बोलले जात नाही. ते म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवान्याचे.

क्लाऊडवर सर्व्हर भाड्याने घेणे म्हणजे अख्खे यंत्र घेणे नव्हे. एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. घेणाऱ्याने सांगायचे, प्रोसेसरचे दोन कोअर हवेत, आठ जीबी मेमरी हवी, आणि आत विंडोज हवे की लिनक्स. पहिल्या दोन गोष्टींवर सगळे घासाघीस करतात. तिसऱ्यावर बहुतेकांची नजर ठरत नाही. अर्जातला तो एक टिकमार्क असतो आणि पुढची कित्येक वर्षे तो बिलावर बसून राहतो.

एक बिल जवळून पाहू. अॅमेझॉनच्या क्लाऊडवर एम-५ लार्ज नावाचे, दोन कोअरचे आणि आठ जीबीचे मशीन मिळते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्राचा या मशीनचा जाहीर दर लिनक्ससह तासाला ९.६ सेंट आणि विंडोज सर्व्हरसह १८.८ सेंट असा राहिला आहे. मशीन तेच, वीज तीच, जागाही तीच. फरक ९.२ सेंटचा, म्हणजे दर कोअरमागे तासाला ४.६ सेंट. गूगलच्या क्लाऊडवरही विंडोज सर्व्हरचा दर कोअरमागे ४.६ सेंटच आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अॅझ्युरवर याच मापाच्या मशीनचे जाहीर दर पाहिले तर तिथेही हाच फरक निघतो. तीन प्रतिस्पर्धी कंपन्या, आणि परवान्याचा आकडा एकच. मुंबई केंद्रात मशीनचे भाडे थोडे वेगळे लागते, पण हिशेबाची रीत हीच.

महिन्याचे ७३० तास आणि डॉलर ढोबळमानाने ९० रुपयांचा धरला तर मशीनचे भाडे सुमारे ६,३०० रुपये आणि त्यावर विंडोजच्या परवान्याचे सुमारे ६,००० रुपये. वर्षाला परवान्यापोटी ७२ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी. ज्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही त्यांच्यासाठी हा आकडा ८५ हजारांवर जातो. आणि हे एका छोट्या मशीनचे झाले. सोळा कोअरचे मशीन घेतले की परवाना आठपट होतो, कारण मोजणी कोअरवर आहे. किती माणसे ते मशीन वापरतात, मशीनवर काम किती होते, याच्याशी तिचा संबंध नाही. लग्नाच्या हॉलवाल्याने आलेल्या पाहुण्यांऐवजी मांडलेल्या खुर्च्यांचे पैसे लावावेत तशी ही आकारणी आहे. म्हणून गरजेपेक्षा मोठे मशीन घेणाऱ्याला दोनदा भुर्दंड पडतो, एकदा भाड्यात आणि एकदा परवान्यात.

या हिशेबातून निघणारी एक गोष्ट मात्र साधी आहे आणि तीच महत्त्वाची. विंडोजचे एक मशीन तासाला १८.८ सेंटला पडते. लिनक्सची दोन मशीन १९.२ सेंटला. एकाच्या पैशात जवळजवळ दोन.

हे सेतू केंद्राबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहायला हवे. जातीच्या दाखल्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आसपासच्या पाड्यांवरून माणसे सकाळी निघून खर्डीला किंवा शहापूरला येतात. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबातल्या मजुराचा त्या दिवशीचा रोज बुडालेला असतो. आणि खिडकीतून उत्तर येते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक असतात. नेटवर्क, सदोष सॉफ्टवेअर, एकाच वेळी झालेली गर्दी. परवाना हे त्यातले कारण नाही. पण गर्दीच्या वेळी उभे करायला दुसरे मशीन हाताशी नसेल तर त्याचे कारण बहुधा पैसा असते, आणि तो पैसा कुठे गेला हे विचारण्याचा त्या मजुराला पूर्ण अधिकार आहे.

महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे हे देशातले पहिले राज्य. प्रत्येक खात्याने स्वतःची सर्व्हर रूम बांधत बसू नये, लागेल तेवढी क्षमता भाड्याने घ्यावी, हा त्यामागचा विचार योग्यच होता. केंद्राच्या पातळीवर जून २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी २,५१६ कोटी रुपयांचा खर्च आणि सगळ्यांना क्लाऊडवर चालणारे एकच सॉफ्टवेअर. नाबार्डकडे अंमलबजावणी. गटसचिवाच्या हातातली खतावणी जाऊन तिथे संगणक येणे ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. भातावर जगणाऱ्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात सोसायटीचे पीककर्ज हा अनेक घरांचा वर्षाचा आधार असतो. व्याजसवलतीची नोंद वेळेवर झाली नाही की त्याचा फटका थेट सभासदाला बसतो.

प्रश्न पाच वर्षांनंतरचा आहे. योजनेचा निधी संपला की भाडे सुरूच राहते. ते राज्य भरणार, जिल्हा बँक भरणार की सोसायटीच्या तुटपुंज्या नफ्यातून वळते होणार? त्या वेळी बिलातला किती भाग मशीनचा आहे आणि किती परवान्याचा, हे ज्याला भरायचे त्याला ठाऊक असले पाहिजे. संगणकीकरणाचा खर्च म्हणून एकच ठोक रकमेची ओळ दाखवली की हा फरक तिच्यात बुडून जातो. आज मागणी करायची तर ती याच ठिकाणी: ओळ वेगळी दाखवा.

खासगी वापरात सगळ्यात मोठी अडचण टॅलीची. छोट्या व्यापाऱ्याला विंडोज हवे असते ते बहुतेकदा विंडोजसाठी नव्हे, तर टॅलीसाठी. कारण टॅली विंडोजवर चालते. ‘टॅली ऑन क्लाऊड’ नावाने जी पॅकेज विकली जातात त्यांत मागे विंडोज सर्व्हरचे मशीन असते आणि दुकानदार, त्याचा मुलगा आणि हिशेबनीस रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरतात. इथे एक खाच आहे. विंडोज सर्व्हरच्या परवान्यात एका वेळी दोनच जणांना, तेही मशीनच्या देखभालीसाठी, आत येण्याची मुभा असते. रोजच्या कामासाठी माणसे आत येणार असतील तर प्रत्येकामागे रिमोट डेस्कटॉपचा वेगळा परवाना लागतो. पॅकेज फारच स्वस्त वाटले तर हा परवाना त्यात आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तपासणी झालीच तर नाव ग्राहकाचेही पुढे येते. डेटाबेसचा परवाना याहून महाग: एसक्यूएल सर्व्हर घेतला तर किमान चार कोअरचे पैसे मोजावे लागतात, मशीन दोन कोअरचे असले तरी.

अशा ठिकाणी लिनक्सचा उपदेश करून उपयोग नाही. ज्याचे टॅलीवाचून अडते त्याने विंडोज घ्यावे, पण मीटरकडे लक्ष ठेवावे. दुकान दिवसाला आठ तास, महिन्याला २६ दिवस चालते, म्हणजे २०८ तास. मशीन मात्र ७३० तास चालू असते. रात्री आणि सुट्टीला ते बंद ठेवले तर परवान्याचे ६,००० रुपये सुमारे १,७०० वर येतात. आणि बंद कसे करायचे हेही शिकून घ्यावे लागते. अॅझ्युरवर विंडोजच्या आतून शटडाऊन केले तर स्क्रीन काळी होते, भाडे मात्र चालूच राहते. ते थांबवायचे तर बाहेरच्या पोर्टलवरून मशीन ‘डीॲलोकेट’ करावे लागते. विकताना हे कोणी सांगत नाही. सांगायला हवे.

आता परवान्याचे राजकारण. एखाद्या संस्थेने जुन्या ऑफिसात विंडोज सर्व्हर रीतसर विकत घेतलेला असतो. क्लाऊडवर जाताना तोच परवाना सोबत नेता येईल, अशी तिची स्वाभाविक अपेक्षा. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत याचे उत्तर कुठे जाता त्यावर ठरते. सॉफ्टवेअर अॅश्युरन्स नावाची वार्षिक वर्गणी भरलेली असेल तर अॅझ्युरवर जुना परवाना वापरून ते ४.६ सेंट वाचवता येतात. अॅमेझॉन, गूगल आणि अलिबाबा यांच्याकडे मात्र १ ऑक्टोबर २०१९ नंतर घेतलेला विंडोज सर्व्हरचा परवाना तसा नेता येत नाही. तिथे नव्याने भाडे भरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियम थोडे सैल झाले. या बड्या कंपन्या सोडून इतर पुरवठादारांकडे परवाना नेण्याची मोकळीक मिळाली. खर्डीहून घाट चढून गेले की नाशिक लागते, आणि तिथे मुख्यालय असलेली ईएसडीएससारखी कंपनी सरकारी खाती आणि सहकारी बँकांना क्लाऊड पुरवते. वर्गणी चालू असलेला परवाना हाती असेल, तर अशा देशी पुरवठादाराचा भाव मागवणे ही आता नुसती स्वदेशीची हौस राहिलेली नाही, तो हिशेबाचा भाग आहे.

युरोपने या नियमांवर भांडण केले. तिथल्या क्लाऊड पुरवठादारांच्या सीआयएसपीई या संघटनेने २०२२ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे दोन कोटी युरो देऊन तिच्याशी तडजोड केली. सप्टेंबर २०२४ मध्ये गूगलने वेगळी तक्रार नोंदवली. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने जवळजवळ दोन वर्षे चौकशी करून ३१ जुलै २०२५ रोजी निष्कर्ष दिला की मायक्रोसॉफ्टच्या परवाना पद्धतीमुळे क्लाऊडच्या बाजारातल्या स्पर्धेला बाधा येते. मायक्रोसॉफ्टला हे मान्य नाही. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आणि क्लाऊड सेवा या दोन्हींचा समावेश होता. त्या मसुद्यावर चर्चा झाली ती बहुतांशी अॅप स्टोअर आणि ऑनलाइन दुकानांची. परवान्याच्या बाबतीत मोठा ग्राहक खुद्द सरकारच आहे, हे लक्षात घेऊन ही बाजू पुढे आली पाहिजे.

रुपयाचीही एक बाजू आहे. हे दर मुळात डॉलरमध्ये ठरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतातले व्यावसायिक सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन सेवांचे रुपयातले दर डॉलरच्या जवळ आणण्यासाठी वाढवले. निविदा निघते तेव्हाचा रुपया आणि तिसऱ्या वर्षीचा रुपया एक नसतो. मशीन कमी करता येते, वीज वाचवता येते, पण विनिमय दरावर तहसील कार्यालयाचा काय ताबा असणार?

लिनक्स म्हणजे फुकट, असे समजणारेही फसले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने जाहीर केले की सेंटओएस ८ या लिनक्सचा आधार २०२१ च्या अखेरीस संपेल. जगभर आणि भारतातही असंख्य सर्व्हर याच मोफत आवृत्तीवर चालत होते. २०२९ पर्यंत निर्धास्त असलेल्यांना वर्षभरात घर बदलावे लागले. त्यातून रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभे राहिले, मार्ग निघाला, पण मधल्या काळात माणसांची मेहनत आणि रात्री गेल्या. रेड हॅटची पैसे भरून घ्यायची आवृत्तीही २०२४ मध्ये मोठ्या मशीनवर महागली. आधी क्लाऊडवर चार कोअरपर्यंत एक दर आणि त्यावर दुसरा, अशा दोनच पायऱ्या होत्या. आता तिथेही कोअरमागे मोजणी आली. मोठी मशीन वापरणाऱ्यांची बिले फुगली. त्यामुळे विंडोज वाईट आणि लिनक्स चांगले असा हा वाद नाही. कोणते लिनक्स, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठवर मिळणार, बिघडले तर कोण येणार, हे विचारून घेतलेला निर्णय आणि सवयीने केलेला टिकमार्क, यांतला हा वाद आहे.

आणि सवय जबरदस्त आहे. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो मुलामुलींना संगणक शिकवला. खेड्यापाड्यात संगणक साक्षरता नेण्याचे श्रेय या अभ्यासक्रमाचे आहे, ते कोणी नाकारू नये. पण हात बसला तो विंडोजवर. पुढे तीच मुले ऑपरेटर झाली, सिस्टिम अॅडमिन झाली, निविदेच्या अटी लिहिणाऱ्या खात्यांत गेली. सर्व्हरच्या जगात मात्र चित्र उलटे आहे. अॅझ्युरवर ग्राहकांनी घेतलेल्या कोअरपैकी ६० टक्क्यांहून अधिक लिनक्स चालवतात, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे. ज्या कंपनीच्या प्रमुखाने २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटले होते, तीच ही कंपनी. तिची डॉटनेट प्रणाली २०१६ पासून आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. ‘आमचे सॉफ्टवेअर डॉटनेटमध्ये आहे, म्हणून विंडोज सर्व्हरच लागेल’ हे उत्तर नव्या कामापुरते तरी आता चालत नाही. महासंगणकांचेही तेच आहे. मुरबाडहून माळशेज घाट चढून पलीकडे गेले की जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यासाठी परम रुद्र हा देशी बनावटीचा महासंगणक सुरू झाला. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी एकही नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसऱ्या कशावर चालत नाही.

खर्डी-शहापूरच्या आयटीआयमधून किंवा मुरबाडच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाला रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये पहाऱ्यावर किंवा वायरिंगवर काम मिळते. सर्व्हरपर्यंत पोहोचायला लिनक्सचे कमांड लाइनचे ज्ञान लागते, आणि ते मराठीतून शिकवणारा, परवडणारा अभ्यासक्रम गावाजवळ असायला हवा. केरळने हे शाळेपासून केले. तिथे ‘काइट’ ही सरकारी संस्था दोन लाखांवर शालेय संगणकांसाठी मुक्त सॉफ्टवेअर पुरवते. २०१९ मध्ये तिने यातून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. पैशाइतकेच महत्त्वाचे हे की तिथल्या मुलाला लिनक्सची भीती उरली नाही. महाराष्ट्रात सी-डॅकसारखी संस्था १९८८ पासून पुण्यात आहे, बॉस लिनक्स तिच्याच चेन्नई केंद्राने घडवले. माणसे आणि ज्ञान इथे कमी नाही.

नियमही आहे. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण काढले. निविदा भरणाऱ्याने मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय विचारात घ्यावा, आणि तो वगळला तर का वगळला याचे कारण द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. केंद्रीय खात्यांना ते लागू आहे. राज्यांनी स्वीकारायचे की नाही ही त्यांची मर्जी.

विंडोज सर्व्हर २०१६ चा आधार १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो. त्यावर जे काही चालू आहे त्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या खात्याला, बँकेला, संस्थेला घ्यावाच लागेल, आणि घाईत घेतलेला निर्णय म्हणजे आहे त्याच मशीनवर नवे विंडोज. त्याआधी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१८ च्या क्लाऊड धोरणात दोन गोष्टींची भर घालावी: बिलात मशीनचे भाडे, ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना आणि डेटाबेसचा परवाना या तीन ओळी वेगळ्या असाव्यात, आणि पैसे भरून परवाना घ्यायचा असेल तर कारण लेखी असावे. सोसायट्यांच्या बाबतीत हा तपशील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात छापावा. सभासदाला अहवाल मिळतो, तो वाचणारी मंडळी गावात असतात, आणि खर्चाच्या प्रत्येक रकमेवर ती उभे राहून विचारतात.